पाळक ओबर्लिन : दगडांच्या खोऱ्यांतले बाबा

फ्रान्स देशाच्या पूर्व सरहद्दीवर आल्सास नांवाचा प्रांत आहे. त्याच्या पश्चिम अंगास व्होज डोंगरांची रांग असून तींत, स्त्रासबुर्ग शहराच्या नैर्ऋत्येस, एक चिंचोळें खोरें आहे. जर्मन भाषेंत त्याला श्टाइनटाल व फ्रेंच भाषेंत बां द ला रोश म्हणतात. दोहों नांवांत दगड आहेच, आणि ज्यानें तेथील जुनीं शेतें पाहिलीं असतील त्याला तें नांव खोटें वाटलें नसेल. वाल्डर्सबाख, फूदे, बेलमों, बेलफोस व सोलबाख हीं तेथल्या मंडळींतील पांच गांवें. अठराव्या शतकाच्या मध्यास ह्या गांवांची दशा फार हीन होती. हिंवाळा लांबलचक, जमीन निकस, आणि निर्वाहास बटाटे व रानटी सफरचंदें. खोऱ्याबाहेर जावयास गाडीरस्ता नव्हता. ब्रूश नदी ओलांडावयाची तर पाण्यांत टाकलेल्या दगडांवरून उड्या मारीत जावें लागे. लोक नांवानें प्रॉटेस्टंट ख्रिस्ती होते. परंतु पुष्कळांस वाचतां येत नसे, आणि त्यांची बोली अशी कीं शहरांतल्या फ्रेंच मनुष्यास ती नीट कळूं नये.

तेथें आधीं श्टूबर नांवाचे पाळक होते. ते १७५० सालीं प्रथम आले तेव्हां शाळा पाहावयास गेले. एका झोंपडींत मुलें गलबला करीत होतीं आणि कोपऱ्यांत खाटेवर एक दुखणाईत म्हातारा पडला होता. हाच मास्तर. मुलांस काय शिकवितां असें विचारतां त्यानें सरळ सांगितलें कीं कांहीं नाहीं. आणि कां नाहीं असें विचारतां, आपणांसच कांहीं येत नाहीं असें उत्तर दिलें. मग मास्तर कसे झालां? तर पूर्वीं तो गांवचीं डुकरें राखीत असे. वयोमानानें तें काम झेपेना, म्हणून गांवानें त्याला मुलें राखावयास दिलीं. ह्या गोष्टीस आपण हंसतों खरे, पण म्हाताऱ्याचा प्रामाणिकपणाहि लक्षांत ठेवण्यासारखा आहे. श्टूबर ह्यांनीं नवी शाळा बांधविली. चांगल्या घरचे तरुण मास्तर हें नांव घेण्यास लाजत, म्हणून त्या कामास दुसरें मानाचें नांव दिलें. पुढें त्यांस स्त्रासबुर्गची मंडळी मिळाली. परंतु आपल्यामागें ह्या खोऱ्यांत कोण येईल ही चिंता त्यांस लागली. तेथें यावयास कोणी खुशीनें तयार होईना.

शोध करतां करतां ते स्त्रासबुर्ग येथील एका माळ्यावर चढून गेले. तेथें एक तरुण दाढदुखीनें बेजार होऊन अंथरुणांत पडला होता. खाटेला कागदाचे पडदे होते, आणि दिव्याच्या ज्योतीवर एक लहानशी लोखंडी कढई टांगून तींत रात्रीच्या जेवणासाठीं पाव शिजत होता. हे योहान फ्रीड्रिख ओबर्लिन. त्यांचा जन्म ता. ३१ ऑगस्ट १७४० रोजीं त्याच शहरीं झाला होता. वडील शाळेंत शिक्षक, घर मोठें आणि पैसा बेताचा. धर्मशास्त्राचें अध्ययन झाल्यावर त्यांनीं एका शस्त्रवैद्याच्या घरीं मुलांस शिकविण्याचें काम केलें होतें व तेथें थोडें वैद्यकहि आत्मसात केलें होतें. त्या वेळीं त्यांचें मन फ्रेंच पलटणींत धर्मगुरु व्हावें असें होतें, व ती जागा जवळजवळ ठरलीहि होती. परंतु ज्या जागेवर कोणी जात नाहीं तीच आपली, असें त्यांच्या मनानें घेतलें. १७६७ च्या वसंतांत, वयाच्या २६ व्या वर्षीं, ते वाल्डर्सबाख येथें आले, आणि मरेपर्यंत, म्हणजे ५९ वर्षें, तेथेंच राहिले.

नव्या पाळकाचें स्वागत कसें झालें? कांहीं ग्रामस्थांस त्यांच्या सुधारणा मुळींच खपल्या नाहींत. वडिलांनीं जसें केलें तसेंच आम्हीं करावें, हा बाहेरचा पोरगा आम्हांस काय शिकविणार, अशी त्यांची वृत्ति होती. एका रविवारीं त्यांस वाटेंत गांठून मार द्यावा असा बेत ठरला. ही बातमी पाळकांच्या कानीं आली. त्या रविवारीं त्यांनीं डोंगरावरील प्रवचनांतील, अपकार सोसावा व सूड घेऊं नये, ह्या शिक्षणावर उपदेश केला. उपासना सुटल्यावर बेत करणारे लोक एका घरीं जमून आपसांत बोलत होते, कीं हा जें बोलला तें आतां करून दाखवितो काय तें पाहूं. इतक्यांत दार उघडून ओबर्लिन एकटेच आंत आले. तुमचा हेतु मला कळला आहे, असें त्यांनीं शांतपणें सांगितलें. जें मीं तुम्हांस शिकविलें तें मींच मोडलें असेल तर मला शिक्षा करा. दबा धरून बसण्याची नामुष्की तुमच्यावर येऊं नये म्हणून मी आपण होऊनच तुमच्या हातीं आलों आहें. त्या लोकांच्या माना खालीं गेल्या व त्यांनीं क्षमा मागितली. सगळा विरोध त्या एका दिवशीं संपला असें नाहीं; दुसऱ्या एका प्रसंगीं त्यांस वाटेंत पकडून हौदांत बुडवावें असा बेत झाला होता, तेव्हां ते घोडा दुसऱ्याच्या हवालीं करून त्या लोकांसमोरून पायीं चालत गेले आणि कोणीं हात लाविला नाहीं.

रस्त्याचें काम मात्र नुसत्या धैर्यानें होणारें नव्हतें. ओबर्लिन ह्यांनीं लोकांस जमवून सांगितलें कीं खोऱ्यांतून नदीकांठानें स्त्रासबुर्गच्या मोठ्या सडकेपर्यंत रस्ता करावा व रोतो गांवाजवळ ब्रूश नदीवर पूल बांधावा. म्हणजे पिकलेला माल बाजारीं जाईल, आणि हत्यारें व मीठ घरीं येईल. लोकांनीं ही गोष्ट हंसण्यावारी नेली. आडवे आलेले खडक कोण फोडणार? ज्याला त्याला आपलें शेत होतें, आपलें पोट होतें. पाळकांनीं अधिक वाद केला नाहीं. त्यांनीं कुदळ खांद्यावर टाकली, एका गड्याला बरोबर घेतलें आणि खणावयास आरंभ केला. जेथें कांटे अधिक, जेथें धोका अधिक, तेथें ते स्वतः उभे राहत. तें पाहून एक आला, दोन आले, आणि मग गांवेंच्या गांवें आलीं. खडक सुरुंगानें फोडिले, ओढ्यांचे पाट वळविले, दरडी कोसळूं नयेत म्हणून भिंती घातल्या. पैसा लागला तो त्यांनीं स्त्रासबुर्गच्या मित्रांकडून मागून आणिला. पूल झाला, आणि त्याला प्रीतीचा पूल असें नांव पडलें. रविवारीं हेच हात व्यासपीठावर पवित्र शास्त्र उघडीत.

आपल्यांतील कांहीं उपदेशकांस येथें शंका येईल कीं वचनाच्या सेवकानें कुदळ धरावी काय, त्यानें प्रार्थना व उपदेश सोडून दगड कां फोडावे. ओबर्लिन ह्यांनीं प्रार्थना सोडली नव्हती. मंडळींतील माणसांच्या नांवांची यादी करून ते रोज नांवानिशीं प्रार्थना करीत. ज्यांची विशेष गरज असे त्यांचीं नांवें निजण्याच्या खोलीच्या दारावर खडूनें लिहून ठेवीत. त्यांच्या प्रार्थनेची वेळ गांवांत सर्वांस ठाऊक होती. मात्र ज्याचें नांव सकाळीं देवापुढें घेतलें त्याच्या घरीं दुपारीं धान्य आहे किंवा नाहीं, हें पाहिल्यावांचून त्यांस स्वस्थता नसे. ह्या दोहोंपैकीं एकच काम करणें सोपें असतें. आमच्या मतें त्यांच्या चरित्राचें बळ दोन्ही एका मनुष्यानें केलीं ह्यांत आहे.

शेतीविषयीं त्यांची रीत मोठी युक्तीची होती. शहरांत जन्मलेल्या मनुष्यानें शेतकऱ्यास नांगर कसा धरावा हें सांगावयास गेल्यास शेतकरी काय म्हणेल हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणून त्यांनीं सांगितलें नाहीं. पाळकाच्या वतनाच्या जमिनीपैकीं ज्या तुकड्यांतून रहदारीच्या पायवाटा जात होत्या तेच त्यांनीं निवडले. तेथें गड्याला घेऊन खोल चर खणिले, त्यांत चांगली माती भरली आणि सफरचंद, नासपती, अक्रोड वगैरेंचीं रोपें लाविलीं. येणाराजाणारा तें पाहून जाई. दोन चार वर्षांनीं, ज्या जमिनींत गवतहि धड उगवत नसे तेथें झाडें तरारलेलीं पाहून लोक आपण होऊन विचारावयास आले. तेव्हां त्यांनीं कलमें बांधण्याची विद्या शिकविली. बटाट्याचें वाण खालावून पीक दरवर्षीं घटत चाललें होतें; त्यांनीं बाहेरून नवें बियाणें आणविलें. अळशीचें बीं दूर रिगा बंदराकडून मागविलें. गुरांसाठीं क्लोव्हर नांवाचा घास लावावयास शिकविलें. खताविषयीं तर त्यांचा इतका कटाक्ष होता कीं झाडांचा पाला, शेवाळ, देवदाराचीं बोंडें, जुन्या चिंध्या, फाटके जोडे, कांहीं म्हणून फुकट जाऊं देत नसत. चिंध्या गोळा करून आणणाऱ्या मुलांस ते पैसेहि देत. दृढीकरणविधीस येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीनें आधीं दोन झाडें लावल्याचा दाखला आणावा असा त्यांचा नियम होता. हा नियम कोणास जाचक वाटेल. आम्हांसहि वाटतें कीं तारणाच्या गोष्टीस झाडांचा दाखला जोडणें हें एखाद्या कमी प्रेमळ पाळकाच्या हातीं जुलूम झालें असतें. परंतु त्या खोऱ्यांतील उघडे उतार झाडांनीं भरले ते ह्याच नियमामुळें, हेंहि खरें.

खोऱ्यांत सुतार नव्हता, गवंडी नव्हता, लोहार नव्हता. साधें चाक मोडलें तरी दूर जावें लागे. ओबर्लिन ह्यांनीं हुशार मुलगे निवडून त्यांस शहरीं धंदे शिकावयास पाठविलें, आणि ते परत येऊन गांवांत राहिले. शेतीचीं हत्यारें ठोक घेऊन ते मूळ किंमतीस व उधारीनें विकीत. कर्जबाजारी लोकांसाठीं त्यांनीं एक लहानसा निधि काढिला. सावकाराचें व्याज काय असतें हें आपणां खेडेगांवच्या लोकांस ठाऊक आहे. त्या निधींतून थोडी रक्कम मिळे, परंतु ठरलेल्या दिवशीं जो परत न करी त्याचा पुन्हां मागण्याचा हक्क कांहीं काळ बुडे. दया करावयाची ती अशी कीं घेणाऱ्याचा शब्दहि पक्का व्हावा, असें त्यांचें धोरण होतें. गांवांत दाया नव्हत्या, त्या तयार केल्या. एका तरुणास वैद्यक शिकविण्याची तजवीज केली. आणि पुस्तकें विकत घेऊन तीं गांवोगांव फिरतीं ठेविलीं.

आतां त्या कामाकडे वळूं ज्यामुळें त्यांचें नांव पुढें फार दूर गेलें. बेलमों गांवीं सारा बांझे नांवाची एक तरुणी होती. आईबाप शेतांत गेले म्हणजे लहान मुलें वाऱ्यावर असत. तिनें तीं आपल्या घरीं जमवून त्यांस सुयांवर विणावयास शिकविण्यास आरंभ केला. हें ओबर्लिन ह्यांच्या दृष्टीस पडलें. त्यांस वाटलें कीं ह्या मुलीनें एक मोठी गोष्ट शोधून काढली आहे. १७७० च्या सुमारास त्यांनीं अशा वर्गांसाठीं खोल्या भाड्यानें घेतल्या व बायांस पगार ठरविले. थंडीच्या दिवसांत शेगडी पेटवून मुलें भोंवतीं बसत. लहानग्यांनीं खेळावें, मोठ्यांनीं विणावें व सूत कातावें, आणि बाईनें मधून मधून शास्त्रांतल्या गोष्टी सांगाव्या, प्राण्यांचीं व वनस्पतींचीं चित्रें दाखवावीं, गाणीं म्हणवावीं, शुद्ध फ्रेंच शब्द कानीं पाडावे, असा क्रम असे. युरोपांत बालशाळांचा आरंभ झाला तो अशा गरीब खोल्यांतून. सारा बांझे थोड्याच वर्षांनीं, १७७४ सालीं, वारली. मूळ कल्पना पाळकांची नव्हती, एका शेतकऱ्याच्या मुलीची होती, ही गोष्ट पुष्कळ लोक सांगावयाचें विसरतात.

ह्याच काळांत ओबर्लिन ह्यांच्या मनांत हें खोरें सोडून जाण्याचेंहि आलें होतें. अमेरिकेंत जॉर्जिया प्रांतीं जर्मन ख्रिस्ती लोकांची वसाहत होती; तेथें मिशनरी म्हणून जावें असें त्यांनीं ठरविलें. परंतु अमेरिकेंत युद्ध पेटलें आणि जाणें राहिलें. पुढें १७७८ च्या जानेवारींत एके रात्रीं लेंत्स नांवाचा एक जर्मन कवि त्यांच्या दाराशीं आला. त्याची बुद्धि भ्रमिष्ट झाली होती. तो रात्रीं उठून अंगणांतल्या हौदांत उडी घेई, खिडकींतून खालीं पडे. ओबर्लिन पतिपत्नींनीं त्याला सुमारें तीन आठवडे घरीं ठेवून सांभाळिलें. शेवटीं त्याच्या जिवाची खात्री देतां येईना म्हणून माणसें बरोबर देऊन त्याला स्त्रासबुर्गास पोंचतें करावें लागलें. हें पाळकांस यश आलेलें काम नव्हे; प्रीतीच्या हातून सर्वच बरें होतें असें चरित्रकारांनीं भासवूं नये.

त्यांची पत्नी मादलेन सालोमे ह्या १७६८ सालीं त्या घरीं आल्या होत्या. शाळांच्या कामांत त्यांचा मोठा हात होता. १७८३ च्या जानेवारींत, नववें अपत्य झाल्यावर थोड्याच आठवड्यांनीं, त्या वारल्या. मागें सात मुलें राहिलीं. ह्या दुःखाच्या पुढें अनेक वर्षें पत्नी आपणांस दृष्टांतांत भेटते असें ओबर्लिन मानीत, व परलोकाचे नकाशेहि ते काढीत. ह्या बाबतींत आम्ही त्यांच्या मागें जाऊं शकत नाहीं. मात्र त्या दृष्टांतांच्या नादीं लागून त्यांनीं एकहि दिवस काम टाकलें नाहीं.

त्या वेळीं घर कोणीं सांवरलें? बेलफोस गांवची लुईझ शेप्लर नांवाची मुलगी १५ वर्षांची असतांना त्या घरीं कामास आली होती. बाईसाहेब वारल्यावर तिनें पाळकांस पत्र लिहून विनंती केली कीं ह्यापुढें मला पगार देऊं नये, मला आपल्या मुलीप्रमाणें मानावें. तेव्हांपासून घर, सात पोरकीं मुलें आणि डोंगरावरच्या बालशाळा हें सर्व तिनें पाहिलें. बर्फांतून, पावसांतून ती गांवोगांव जाई. तिच्या अंगचें कौशल्य असें कीं ती ओरडल्यावांचून मुलांस शांत करी.

फ्रान्स देशांत १७८९ सालीं राज्यक्रांति झाली. दानधर्मांत ओबर्लिन ह्यांनीं जुन्या कराराच्या रीतीनें तीन दशमांशांचा नियम आपणांस लावून घेतला होता व त्यांसाठीं निरनिराळ्या पेट्या ठेविल्या होत्या. आतां तर त्यांनीं नेमलेला पगारहि सोडून दिला, ज्याला जें देववेल तें त्यानें द्यावें. मुलगा फ्रीड्रिख स्वयंसेवक म्हणून लष्करांत गेला व १७९३ सालीं पडला. नंतर उपासनेसच बंदी झाली. सभा भरवावी आणि तींत जुलमी राजांविरुद्ध भाषणें करावीं असा हुकूम आला. ओबर्लिन ह्यांनीं मंदिरांतच सभा भरविली. आपल्या खोऱ्यांत तर राजे नाहींत, मग कोणाविरुद्ध बोलावें, असा प्रश्न काढून, प्रत्येकाच्या मनांत बसलेले लोभ, द्वेष व गर्व हेच जुलमी आहेत असें त्यांनीं ठरविलें, व त्यांच्याविरुद्ध भाषण केलें, असें सांगतात. पळून आलेल्या नाना पंथांच्या लोकांस त्यांच्या घरीं आसरा मिळे. १७९४ च्या उन्हाळ्यांत त्यांस पकडून सेलेस्टा येथें नेलें. परंतु पॅरिस येथें रोबेस्पिएरचा पाडाव झाला आणि थोड्याच दिवसांत ते सुटले. गंमत अशी कीं त्याच वर्षीं त्याच सरकारनें, खोऱ्यांत फ्रेंच भाषा पसरविल्याबद्दल, त्यांची वाखाणणीहि केली.

दूरच्या लोकांचें दुःख त्यांच्या जेवणाच्या पाटापर्यंत येई. साखर व कॉफी हीं पलीकडच्या बेटांवर गुलामांच्या घामानें पिकत, हें समजल्यावर त्यांनीं दोन्ही वर्ज केलीं. लंडन येथें १८०४ सालीं बायबल सोसायटी स्थापन झाली, तिच्याशीं त्यांनीं आरंभींच पत्रव्यवहार जोडला, व त्यांच्या घरून पवित्र शास्त्राच्या प्रती फ्रान्सच्या पुष्कळ भागांत गेल्या.

बां द ला रोश येथील शेतकऱ्यांचा व जमीनदारांचा जंगलाच्या हक्कांवरून ८० वर्षांहून अधिक काळ खटला चालला होता. त्यांत कैक घरें धुवून निघालीं होतीं. ओबर्लिन ह्यांनीं लोकांची पुष्कळ मनधरणी करून १८१३ सालीं तडजोड घडवून आणिली. ज्या लेखणीनें त्या कागदावर सह्या झाल्या ती जिल्हाधिकाऱ्यानें त्यांस भेट दिली. खटल्यावर पोट भरणाऱ्यांस ती तडजोड आवडली नसेल. ह्याच सुमारास बाझलचे लग्रां नांवाचे गृहस्थ, त्यांच्याच स्नेहामुळें, रेशमी फिती विणण्याचा कारखाना घेऊन फूदे गांवीं आले. माग लोकांच्या घरोघर दिले, म्हणजे आईनें पोरांस सोडून जावें लागूं नये. ह्या घराण्यांतील दानियेल लग्रां ह्यांनीं पुढें कारखान्यांत राबणाऱ्या मुलांसाठीं सर्व राष्ट्रांनीं मिळून कायदे करावे म्हणून कित्येक वर्षें सरकारांमागें तगादा लाविला.

१८१६ चा उन्हाळा पावसानें बुडाला आणि युरोपभर दुष्काळ पडला. ओबर्लिन तेव्हां पाऊणशें वर्षांचे होते. पन्नास वर्षांमागें असा दुष्काळ पडता तर खोरें ओस झालें असतें. आतां रस्ता होता, पूल होता, घरांत माग होते, आणि लोकांस एकमेकांस धरून राहण्याची संवय झाली होती. हाल झाले, पण गांवें टिकलीं. त्या कठीण काळांतच, १८१७ सालीं, पाळकांचा मुलगा हेन्री वारला. सरकारी मान त्यांस म्हातारपणीं मिळाले: १८१८ सालीं शेतकी संस्थेचें सुवर्णपदक व १८१९ सालीं राजाकडून मानाचें पदक. खोऱ्यांतले लोक मात्र त्यांस नुसतें बाबा म्हणत.

ता. १ जून १८२६ रोजीं ते वारले. प्रेत वाल्डर्सबाख येथून फूदे येथील कबरस्तानांत नेलें तेव्हां लोकांची रांग फार लांबवर पसरली होती. आसपासच्या गांवच्या रोमन कॅथलिक स्त्रिया काळीं वस्त्रें नेसून आल्या व गुडघे टेकून प्रार्थना करीत होत्या. त्यांचे धर्मगुरुहि आले होते. त्यांच्या कबरेवर लोखंडी क्रूस आहे व त्यावर बाबा ओबर्लिन इतकेंच लिहिलें आहे. पुढें १८३३ सालीं अमेरिकेंत ओहायो प्रांतीं त्यांच्या नांवानें एक विद्यालय निघालें, आणि तेथें लौकरच काळ्या लोकांस व स्त्रियांसहि प्रवेश मिळाला.

मरतेवेळीं ओबर्लिन ह्यांनीं मुलांसाठीं एक पत्र ठेविलें होतें व त्यांत लुईझ शेप्लरला त्यांच्या हवालीं केलें होतें. मुलांनीं तिला वडिलार्जित मिळकतींत आपल्या बरोबरीचा वांटा देऊं केला. तिनें तो घेतला नाहीं. आपल्या नांवापुढें ओबर्लिन हें नांव लावण्याची तेवढी परवानगी तिनें मागितली. १८२९ सालीं पॅरिस येथील फ्रेंच अकादमीनें सद्गुणाबद्दलचें ५००० फ्रँकांचें बक्षीस तिला दिलें, तें तिनें गरिबांच्या कामीं लाविलें; आणि १८३७ सालीं वारेपर्यंत ती त्याच खोऱ्यांत मुलांस विणावयास शिकवीत राहिली.